नाखव्याचा डावा हात

संपादकाने अंक उघडून टेबलावर ठेवला, पान या दोघांच्या दिशेने फिरवलं आणि चित्राला बोटही न लावता इंग्रजीत विचारलं, "हा कोणत्या हाताने खातो आहे?"

शत्रुघ्नने आधी चित्र पाहिलंच नाही. त्याने छपाई पाहिली. शिडाच्या कापडावरच्या केसाएवढ्या रेघा, लाटांची जाळी, नाखव्याच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं कागदावर जसंच्या तसं उतरलं होतं. उभ्या जन्मात त्याची रेघ पहिल्यांदा छापून आली होती, आणि क्षणभर त्याला वाटलं की संपादकाने कौतुक करायलाच बोलावलं आहे. मग त्याला प्रश्न ऐकू आला. मग चित्र दिसलं.

सूर्य बुडालेला. जहाजाच्या फळ्यांवर भाताची मोठी परात, भोवती खलाशी. मधोमध म्हातारा नाखवा रोजा सोडतो आहे, खजूर ओठांपाशी नेलेला. डाव्या हाताने. त्याच्या शेजारचा सुतार डाव्या हाताने भात कालवतो आहे. पलीकडचा पाणबुड्या डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे करतो आहे आणि समोरचा डाव्या हाताने तो घेतो आहे. परातीत एकही उजवा हात नव्हता.

शेजारी बसलेला, ही गोष्ट रचणारा यूसुफ "या अल्ला" म्हणाला, तेही इतकं हळू की ते त्याच्या तोंडातच राहिलं.

संपादक बैरूतचा होता. नबील त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून फोन खणखणत होता, असं त्याने सांगितलं. मुलांचं मासिक, त्यात रमजानचा खास अंक, आणि पहिल्याच पानावर कुवेतचे वाडवडील ज्या हाताने जेवू नये त्या हाताने जेवताना दाखवलेले. एका शाळेच्या बाईंनी विचारलं होतं, ही आमच्या पूर्वजांची थट्टा आहे का. मासिकाच्या मालकाने चित्रकार कोण ते विचारलं होतं. "तुझं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, बाहेरचा माणूस, त्याला काय कळणार," नबील शत्रुघ्नला म्हणाला. मग यूसुफकडे पाहून, "पण तुझं नाव मी त्यांना सांगू शकलो नाही."

खिडकीतून दस्मानच्या बाजूचा समुद्र दिसत होता. थंडीतल्या उन्हात तो अगदी गुळगुळीत होता. अंक दुकानांतून परत मागवले होते. मालिका थांबली होती. पानं पुन्हा सरळ काढून आणली तर पुढे बघू, असं नबील म्हणाला आणि शेवटी "इन्शाल्ला" म्हणाला. कुवेतमध्ये इतकी वर्षं काढल्यावर त्या शब्दाचे प्रकार दोघांनाही ओळखू येत होते.

हे घडलं कसं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

शत्रुघ्न ड्राफ्ट्समन होता. मूळचा सिन्नरकडचा. कुवेतला आला, युद्धात सगळं टाकून पळाला, तेलविहिरींच्या आगी विझल्यावर पुन्हा आला. फहाहीलच्या एका कंत्राटदार कंपनीत रिफायनरीच्या पाइपांची ड्रॉइंग्ज काढत होता. नोकरी चांगली, माणूस अबोल. पण लहानपणापासून त्याला चित्रकथा काढायची होती. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितल्यावर लोक हसत, आणि लोक हसल्यावर त्यालाही ते हसण्यासारखंच वाटे.

यूसुफ भेटला तो कुवेत शहराजवळच्या राई नावाच्या भागातल्या एका गोदामात. कंपनीला शाई आणि ड्रॉइंगची पारदर्शक फिल्म लागे, आणि स्टेशनरीच्या त्या गोदामात यूसुफ विक्रीला होता. दाभोळ खाडीच्या काठचा. त्याचे आजोबा गलबतावर होते. कोकणातून लाकूड घेऊन कुवेतला यायचे आणि खजूर घेऊन परत जायचे. यूसुफकडे त्या गलबताच्या गोष्टी पोतंभर होत्या आणि ऐकायला कुणी नव्हतं. शत्रुघ्नकडे कान होते आणि हातात पेन होतं.

मग शुक्रवार ठरून गेला. जुम्म्याची नमाज आटोपली की यूसुफ गोदामाची व्हॅन घेऊन फहाहीलला यायचा, शत्रुघ्नच्या बायकोच्या, रत्नमालावहिनींच्या हातचं जेवायचा आणि गालिच्यावर मांडी ठोकून गोष्ट सांगायचा. सांगायचा म्हणजे करूनच दाखवायचा. नाखवा व्हायचा, सुतार व्हायचा, वादळ व्हायचा. शत्रुघ्न बोर्डावर वाकून काढत राहायचा. पुढचं काय होणार, हे यूसुफ कधीही आधी सांगत नसे. "तुला ठाऊक असलं तर तुझी रेघ आळशी होईल," म्हणायचा. आणि त्याचा नाखवा बोलका होता. शत्रुघ्नने काढलेल्या संवादाच्या फुग्यात त्याची वाक्यं कधी मावत नसत. त्यावरून दोघांची दर शुक्रवारी जुंपे.

रत्नमाला चहा ठेवता ठेवता म्हणायची, "यूसुफभाई, तुमचं हे जहाज या जन्मी किनाऱ्याला लागणार का?"

"वहिनी, वारा पडलाय. तुमच्या हातचा चहा मिळाला की सुटंल."

मराठीत काही वर्षं प्रयत्न झाले. पुण्या-मुंबईला पानांच्या प्रती पाठवल्या. एका दिवाळी अंकाने लिहिलं की चित्रं सुरेख आहेत, पण ही गोष्ट लहानांची की मोठ्यांची ते कळत नाही. बाकीच्यांनी तेवढंही लिहिलं नाही. शत्रुघ्नला त्याचं फार वाईट वाटलं नाही. त्याला आतून असंच काहीतरी होईल असं वाटत होतं. यूसुफने मात्र हार मानली नाही. मुलांच्या त्या अरबी मासिकाला कागद त्याचंच गोदाम पुरवायचं. एकदा कागदाबरोबर त्याने पानंही नेली.

नबीलला ती आवडली. अडचण एकच होती. अरबी मूल पुस्तक उजवीकडून उघडतं. ही पानं डावीकडून उजवीकडे धावत होती. रमजानचा अंक तोंडावर होता आणि सगळं पुन्हा काढायला महिने लागले असते.

तेव्हा शत्रुघ्न, जो कधी आपणहून बोलत नसे, तो बोलला. काही कठीण नाही, म्हणाला. रिफायनरीत एकासारखे एक दोन विभाग समोरासमोर असले की दुसऱ्याचं ड्रॉइंग कुणी नव्याने काढत नाही. पारदर्शक फिल्म पालथी घालायची, प्रत काढायची आणि खाली लिहायचं, 'ऑपोझिट हॅन्ड'. डावं ते उजवं, उजवं ते डावं. आख्खा विभाग तासाभरात तयार. ही पानंही त्याने फिल्मवरच काढली होती आणि अक्षरं वेगळ्या फिल्मवर ठेवली होती. चित्रं पालथी घालायची, वर यूसुफने अरबी अक्षरं लिहायची, झालं. यूसुफचं अरबी अक्षर मोत्यासारखं होतं. गोदामातली ईदची कार्डं तोच लिहायचा.

पाइपांची ड्रॉइंग्ज शत्रुघ्नने अशी शेकड्यांनी पालथी घातली होती. पाइपांना जेवायचं नसतं.

रमजानातल्या पहिल्याच शुक्रवारी यूसुफ शत्रुघ्नच्या घरी बसून अक्षरं लिहीत होता. रोज्याने ओठ सुकलेले, पण अक्षर तसंच मोत्यासारखं. एकेक फुगा भरत गेला तसा शत्रुघ्न त्याच्या खांद्यावरून पाहत राहिला, आणि त्यालाही फुगेच दिसत राहिले, कारण या खेपेला नाखव्याची वाक्यं फुग्यात बरोबर मावत होती. मावळतीला रत्नमालाने खजूर आणि कांदाभजी आणून ठेवली. यूसुफने ओलं पान जपून बाजूला सरकवलं, बिस्मिल्ला म्हणून खजूर उचलला आणि रोजा सोडला. तिघंही त्या पानाकडे पाहत होते. तिघांनाही ते फार सुंदर दिसलं.

नबीलच्या ऑफिसातून निघाल्यावर दोघं व्हॅनमध्ये बसले. समुद्रकाठच्या रस्त्याने यूसुफ गाडी फार सावकाश हाकत होता. मागचे हॉर्न वाजवून पुढे जात होते. शेवटी शत्रुघ्न म्हणाला की चूक माझी आहे, फिल्म मी पालथी घातली, मी सगळी पानं पुन्हा सरळ काढतो.

"हात तुझा होता रे," यूसुफ म्हणाला. "पन डोळे माझे होते. तू हिंदू मानूस, तुला कोन बोलनार. मी त्या पानाशेजारी बसून रोजा सोडलाय. ह्या हातानं." त्याने स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून दाखवला आणि तसाच धरून ठेवला, परत कुठे ठेवावा ते समजत नसल्यासारखा.

त्यानंतर यूसुफला कुणी नोकरीवरून काढलं नाही, कुणी दरडावलंही नाही. तसं झालं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. झालं ते असं की ही गोष्ट त्याच्या कोकणी मंडळींत पसरली. आणि आपल्या माणसांची थट्टा कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, तिच्यात द्वेष नसतो, आणि म्हणूनच ती थांबत नाही. मशिदीबाहेर चपला घालताना कुणीतरी म्हणायचं, "काय नाखवा, आज कुठल्या हातानं?" कुणाच्या निकाहाच्या जेवणात सगळ्यांच्या एकाच थाळ्यावर बसलं की शेजारचा त्याच्या उजव्या हाताकडे बघून डोळे मिचकावायचा. यूसुफ हसायचा. हसण्याशिवाय करणार काय. पण हळूहळू तो जेवणावळींना जाईनासा झाला, आणि मग शुक्रवारी फहाहीललाही येईनासा झाला. आधी म्हणायचा गोदामात माल उतरायचाय. मग तेही म्हणायचा बंद झाला.

शत्रुघ्न मात्र पानं पुन्हा काढत होता.

ते सोपं नव्हतं. माणूस आरशात उलटा करता येतो, पण उलट्या जहाजावर सरळ माणूस बसवायचा तर वारा बदलतो, सावली बदलते, सुकाणूवरचा हात बदलतो, कुणी कुणाकडे पाहायचं ते बदलतं. प्रत्येक चौकट पहिल्यापासून मांडावी लागत होती. कामावरून आल्यावर जेवढं होईल तेवढं तो करायचा. मधल्या काळात कंपनीने बोर्ड काढून टाकले आणि संगणक आणले. त्याचा बोर्ड भंगारात जात होता, तो त्याने मागून घरी आणला. पुण्याहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरने त्याला नवं सॉफ्टवेअर शिकवलं. 'मिरर' नावाची आज्ञा दिली की आख्खा विभाग डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटा होई. त्यानंतर यंत्र विचारत असे, मूळ पुसून टाकू का. शत्रुघ्न दर वेळी नाही म्हणत असे आणि तो मुलगा म्हणत असे, "अंकल, ठेवून काय करायचंय?"

पानं पुरी झाली तेव्हा तो ती घेऊन दस्मानला मासिकाच्या ऑफिसात गेला. नबील बैरूतला परत गेला होता. नव्या संपादकाने पानं उलटून पाहिली, चहा पाजला आणि सांगितलं की मुलं आता चित्रकथा वाचत नाहीत, टीव्हीवरची जपानी कार्टून्स अरबीत बघतात. पुढे वर्षा-दोन वर्षांत मासिकच बंद पडलं.

त्याच सुमाराला यूसुफ कायमचा गावी गेला. विमानतळावर शत्रुघ्न भेटायला गेला होता. सरळ काढलेली पानं त्याने बरोबर नेली होती, एकदा त्याने पाहावीत म्हणून. यूसुफने ट्रॉलीवरच्या बोचक्यांकडे बोट दाखवून वजन आधीच जास्त झालंय म्हणून सांगितलं. पानं न्यायची नव्हती, फक्त पाहायची होती, हे शत्रुघ्न बोलू शकला नाही.

एवढं होऊन शत्रुघ्नला एक गोष्ट छळत राहिली. गोष्ट पुरी झाली नव्हती. होरमुझची सामुद्रधुनी ओलांडल्यावर वादळात डोलकाठी मोडलेली, पाणी संपत आलेलं, नाखव्याने खलाशांना गोळा केलेलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं. तिथे यूसुफ थांबला होता. नाखवा काय सांगणार होता, जहाज कुवेतला पोचलं की नाही, हे फक्त यूसुफला माहीत होतं.

बरीच वर्षं गेली. मुलगी शलाका कॉलेजच्या उंबरठ्यावर आली. घरात मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचं वेड एकच, जपानी चित्रकथा. एगैलाच्या मॉलमधून पुस्तकं आणायची, बाकीच्या संगणकावर वाचायची. दोन हजार नऊ सालातली गोष्ट. एका सकाळी ती नाश्ता करता करता स्क्रीनकडे बघून हसत होती, तेव्हा शत्रुघ्नने विचारलं काय आहे.

"बाबा, धिस इज लाइक यू अँड यूसुफ अंकल," ती म्हणाली. शाळेतली दोन मुलं होती. एक लिहितो, एक काढतो. दोघांना चित्रकथाच काढायची आहे आणि तिचं कार्टून व्हायला हवं आहे, बाकी काही नको. दर आठवड्याला वाचकांच्या पसंतीत त्यांचा नंबर वर जातो, खाली येतो.

शत्रुघ्नने खुर्ची ओढली. काही पानं पाहिली. दोन पोरं एका खोलीत, जमिनीवर कागद पसरलेले, एक बोलतोय, एक वाकलेला. त्याला गालिच्याचा रंगसुद्धा ओळखीचा वाटला. मग त्याच्या लक्षात आलं की हे उजवीकडून वाचायचं आहे. त्याची नजर आपोआप हातांवर गेली. पोरगा काड्यांनी जेवत होता, उजव्या हाताने.

त्याने विचारलं, हे इंग्रजी लोकांना उलटं वाटत नाही का.

शलाकाने सांगितलं की आधी अमेरिकेत पानं फ्लिप करून छापायचे. "देन एव्हरीबडी बिकेम अ लेफ्टी. सगळे सामुराई लेफ्टी." ती हसली. लोकांनी कटकट केली, मग त्यांनी तो नाद सोडला. आता सगळे उजवीकडूनच वाचतात, वाचकच शिकले.

शत्रुघ्न उठून गॅलरीत गेला. रत्नमालाने आत येऊन मुलीला विचारलं, काय बोललीस गं त्यांना. ती म्हणाली, नथिंग.

दुपारी त्याने यूसुफला फोन लावला. गेल्या काही वर्षांत ईदला आणि दिवाळीला दोन वाक्यं होत, तेवढंच. गावातून मागे कोंबड्याचा आवाज येत होता. यूसुफचा आवाज बसका झाला होता. शत्रुघ्नने त्याला सगळं सांगितलं, नेहमीपेक्षा भरभर. जपानी पुस्तकं, अमेरिकेतले मोठमोठे प्रकाशक, शिकलेसवरलेले लोक, त्यांनीही फिल्म पालथीच घातली, त्यांचेही सगळे डावखुरे झाले. म्हणजे आपण दोघंच काही मूर्ख नव्हतो.



"मग त्यांचं काय झालं?" यूसुफने विचारलं.

"काय होणार. पुढची पुस्तकं सरळ छापली."

"बघ. त्यांना पुढची पुस्तकं होती."

मग शत्रुघ्नने जे विचारायला फोन केला होता ते विचारलं. म्हणाला, यूसुफभाई, छापायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, फक्त मला सांग. नाखवा काय म्हणतो?

"कोन नाखवा?"

"डोलकाठी मोडल्यावर. सगळ्यांना गोळा करतो आणि तोंड उघडतो. तिथे थांबलेलास तू."

यूसुफ खोकला. फोनवर कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने "येतंय" म्हटलं. मग हलकेच म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? तेव्हा सगळं ठाऊक होतं मला. पार किनाऱ्यापर्यंत. त्या अंकानंतर मी मनातून ते जहाजच काढून टाकलंय. रोज थोडं थोडं. आता शोधायला गेलो तर पानीच हाय नुसतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तूच लिही काय हवं ते. तुझंपन होतंच की ते."

मग त्याने वहिनींना सलाम सांगायला सांगितलं आणि फोन ठेवला.

शत्रुघ्नने लिहून पाहिलं. वही घेऊन बसला, नाखव्याच्या तोंडी एक वाक्य घातलं, वाचलं आणि खोडलं. दुसरं लिहिलं. ते सिन्नरचं झालं. तिसऱ्यात नाखवा ड्राफ्ट्समनसारखा बोलू लागला, मोजकं आणि चुकायला घाबरून. रत्नमाला म्हणाली, "अहो, काहीही लिहा ना, तुम्हीच तर वाचणार आहात." ते खरं होतं, आणि म्हणूनच त्याला काहीही लिहिता येईना. त्याने वही मिटवली आणि पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही.

पण पुढच्या शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, त्याने बोर्डावर कोरी फिल्म ताणून बसवली. आता डोळ्यांना जाड भिंग लागत होतं आणि रेघ पूर्वीसारखी एका दमात जात नव्हती. त्याने मोडकी डोलकाठी काढली. भोवती बसलेले खलाशी काढले, उजव्या हातांत कोरडे तांबे घेतलेले. नाखव्याचा चेहरा काढला, तोंड उघडं. सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे लावले. मग त्याच्या डोक्यावर फुगा काढला, आणि तो रिकामा ठेवला.

पेन उचलून तो थोडा मागे सरला. फुगा त्याला लहान वाटला. यूसुफचा नाखवा एवढ्यात कधीच आटोपला नसता. त्याने ब्लेडच्या पात्याने ती रेघ हळुवार खरवडून काढली आणि फुगा दुप्पट मोठा केला, इतका की एका खलाशाचं डोकं त्याखाली झाकलं गेलं.